परसबागेसाठी बॅटरीचा पाठीवरचा पंप: निवड टाकीपासून नको, नोझलपासून करा

कृषी सेवा केंद्रात फवारणी पंप मागितला की काउंटरवरून दोनच प्रश्न येतात. "किती लिटरचा देऊ?" आणि "सिंगल मोटर की डबल?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण शेवटी विचारायचे आहेत. झाडाला टाकी दिसत नाही, मोटर दिसत नाही. नोझलच्या भोकातून जे बाहेर पडतं तेवढंच झाडाला मिळतं. म्हणून आधी कशावर काय फवारायचं ते ठरवायचं. त्यावरून नोझल, नोझलवरून मिनिटाला लागणारे लिटर, त्यावरून मोटर, मोटरवरून बॅटरी आणि सर्वांत शेवटी टाकी.

हा लेख घराभोवतीची बाग, फार्महाऊस, कोकणातली छोटी वाडी, घरापुरता भाजीपाला अशा दोन ते वीस गुंठ्यांच्या कामासाठी आहे. पाच एकर कापूस किंवा द्राक्षबाग हा वेगळा हिशेब आहे.

आधी टेप घ्या, मग पैसे

बागेत टेप घेऊन एक चक्कर मारा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: फवारायचं क्षेत्र किती गुंठे, सर्वांत उंच झाड किती फुटांचं, पाण्याचा नळ किती लांब, आणि पंप पाठीवर कोण घेणार.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. पूर्ण वाढलेल्या भाजीपाल्याला एकरी २०० लिटर पाणी धरतात, म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. लिंबू, पेरू, सीताफळ अशा सहा-आठ फुटांच्या झाडाला पानं दोन्ही बाजूंनी ओली व्हायला घेरानुसार दोन ते चार लिटर लागतात. समजा पाच गुंठे भाजी आणि सहा फळझाडं आहेत. भाजीला २५ लिटर, झाडांना १८ लिटर, एकूण ४३. सोळा लिटरच्या टाकीच्या तीन खेपा. हा आकडा लक्षात ठेवा, बॅटरी निवडताना तो पुन्हा लागणार आहे.

उंचीच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. हात वर करून दांडी धरली तर नोझल नऊ फुटांवर जातं आणि धुकं त्याच्या वर आणखी दोन-तीन फूट नीट चढतं. म्हणजे बारा फूट ही या पंपाची खरी हद्द. नोझलचं तोंड फिरवून सरळ पिचकारी केली तर पाणी उंच जातं, पण ते पानांवर बसत नाही, निम्मं तुमच्याच तोंडावर उतरतं. जुना आंबा, नारळ, सुपारी ही या पंपाची कामं नव्हेत. त्यासाठी जमिनीवर ठेवायचा जास्त दाबाचा पंप (दुकानात 'एचटीपी' म्हणतात तो) आणि लांब नळी लागते. वर्षातून दोनदाच लागत असेल तर तो भाड्याने आणावा. केवळ त्या एका आंब्यासाठी डबल मोटरचा पंप घेऊ नका. आंबा तरीही राहतोच.

नोझल: निवडीची सुरुवात इथून

घरच्या बागेला तीन प्रकार पुरतात.

पहिला पोकळ शंकूचा, म्हणजे हॉलो कोन. याचा फवारा जमिनीवर बांगडीसारखा गोल पडतो. थेंब बारीक असतात आणि ते फिरत येतात, त्यामुळे पानाच्या खालच्या बाजूलाही पोचतात. मावा, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण बसतात ते तिथेच. कीटकनाशक, बुरशीनाशक, निंबोळी अर्क, पानांवरून द्यायची विद्राव्य खतं हे सगळं या नोझलचं काम. याला ३ बार (बार हे दाबाचं माप) किंवा त्याहून अधिक दाब हवा.

दुसरा पंख्यासारखा सपाट, म्हणजे फ्लॅट फॅन. जमिनीवर एकसारखा पट्टा पडतो. तण उगवण्याआधी मारायचं तणनाशक किंवा मोकळ्या जमिनीवरची फवारणी यासाठी तो चांगला. दाब २ बारच्या आसपास ठेवायचा.

तिसरा फ्लड जेट. ठोकळा आकाराचा, एका बाजूला खाच असलेला, दुकानात 'तणनाशकाचा नोझल' म्हणून मिळतो तो बहुधा हाच. १ बारसारख्या कमी दाबावर जाड थेंबांचा रुंद पट्टा देतो. थेंब जाड म्हणून वाऱ्याने उडत नाहीत. कुंपणालगतचं गवत, पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं तण, शेजारच्या गुलाबाला धक्का न लावता मारायचं असेल तर हाच.

पंपासोबत तीन-चार प्लॅस्टिक नोझल फुकट मिळतात. त्यांवर भरवसा ठेवू नका, कारण त्यांतून मिनिटाला किती पाणी जातं हे कुठेच लिहिलेलं नसतं. रंगावरून प्रवाह कळणारी नोझल वेगळी विकत मिळतात. आंतरराष्ट्रीय रंगपद्धतीत ३ बार दाबावर केशरी नोझल मिनिटाला ०.४ लिटर देतो, हिरवा ०.६, पिवळा ०.८, निळा १.२ आणि लाल १.६ लिटर. मात्र फुकटचा निळा प्लॅस्टिक नोझल या पद्धतीतला असेलच असं नाही. तिथे रंग म्हणजे फक्त रंग असू शकतो.

दाब आणि प्रवाह यांचं नातं सरळ नाही. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. म्हणून "पाणी कमी पडतंय, स्पीड वाढव" हा उपाय चुकीचा. स्पीड वाढवल्याने पाणी थोडंच वाढतं, थेंब मात्र बारीक होऊन उडायला लागतात. पाणी जास्त हवं असेल तर नोझल मोठं बसवा.

मोटर: डबल कशाला?

या पंपांत १२ व्होल्टची छोटी डायफ्रॅम मोटर, म्हणजे रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारी मोटर असते. सिंगल मोटर उघड्या नळीतून मिनिटाला तीन-चार लिटर पाणी सोडते. तुमचं शंकू नोझल मागतं ०.६ ते १ लिटर. म्हणजे एकच मोटर तुमच्या गरजेच्या तिप्पट देते. डबल मोटर घेतली तर ती जास्तीची ताकद जाणार कुठे? नळीत दाब चढतो, प्रेशर स्विच मोटरची वीज तोडतो, दाब उतरतो, पुन्हा जोडतो. मोटर सेकंदासेकंदाला धडधडत चालू-बंद होत राहते. स्विचचे पॉइंट जळतात, बॅटरी मात्र दोन मोटरची खर्ची पडते. चार तोंडांचं नोझल किंवा लांब गन वापरणाऱ्याला डबल मोटरचा उपयोग आहे, परसबागेला नाही.

त्याऐवजी स्पीडचं बटण, म्हणजे रेग्युलेटर असलेला सिंगल मोटर पंप घ्या. मोकळ्या जमिनीवरच्या फवारणीला दाब उतरवता येतो, शंकू नोझलला चढवता येतो. हे एक फिरवायचं बटण डबल मोटरपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

खोक्यावरच्या दाबाच्या आकड्यांत गोंधळ फार. कुठे 'पीएसआय', कुठे 'एमपीए', कुठे 'किलो'. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि ०.४५ एमपीए म्हणजे ४.५ बार किंवा ६५ पीएसआय. मोटरवर १०० किंवा १२० पीएसआय छापलेलं असलं तर तो बहुधा स्विच ज्या दाबाला मोटर बंद करतो तो दाब असतो. नोझल उघडं असताना एवढा दाब मिळत नाही, आणि मिळायलाही नको.

बॅटरी: अँपिअर-अवर आणि खरे तास

बाजारात सर्वांत जास्त दिसते ती १२ व्होल्ट ८ एएच (अँपिअर-अवर) शिशाची बंद बॅटरी. त्याच्या वर १२ एएच, आणि आता लिथियम.

हिशेब असा. फवारणी चालू असताना सिंगल मोटर साधारण अडीच अँपिअर ओढते. ८ भागिले २.५ म्हणजे तीन तास बारा मिनिटं, पण शिशाच्या बॅटरीचा ८ एएच हा आकडा अगदी सावकाश, वीस तासांत उतरवली तर मिळतो. अडीच अँपिअरने ओढली तर पाऊण हिस्सा हाती लागतो, म्हणजे ६ एएच आणि जवळपास १४५ मिनिटं. पिवळ्या नोझलने, मिनिटाला ०.८ लिटरने, तेवढ्या वेळात ११५ लिटर फवारून होतील, सोळा लिटरच्या सात टाक्या. जाहिरातीत 'एका चार्जवर २० टाक्या' असेल तर तो हिशेब मोठ्या नोझलचा असणार. तास तेवढेच राहतात, टाक्या नोझलप्रमाणे बदलतात.

आपल्याला लागणार होते ४३ लिटर. म्हणजे ८ एएच पुरून उरते, आणि शिशाच्या बॅटरीचं उरणं फायद्याचं असतं. ती रोज पूर्ण उतरवली तर दोन-तीनशे वेळांत दम तोडते, निम्मी उतरवून भरली तर बरीच जास्त टिकते. १२ एएचची बॅटरी दीड किलोच्या आसपास वजन वाढवते, आणि ते वजन पहिल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत पाठीवर असतं.

लिथियम घ्यावी का? पाठ दुखत असेल, पंप वयस्कर माणूस वापरणार असेल, किंवा पंप महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर घ्यावी. ती हलकी असते आणि पडून राहिल्याने शिशासारखी मरत नाही. अट एकच, पंप मुळातच लिथियमचा असावा. जुन्या पंपात शिशाच्या जागी लिथियम बसवून जुनाच चार्जर लावणं धोक्याचं आहे. तीन सेलची लिथियम-आयन बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, शिशाचा चार्जर १४ व्होल्टच्या पुढे जातो. आतलं संरक्षक सर्किट वाचवेल या आशेवर रात्रभर घरात चार्जिंगला लावू नये.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी थोडं. तिकडे कॉर्डलेस ड्रिलच्याच बॅटरीवर चालणारे चार गॅलनचे, म्हणजे १५ लिटरचे पंप मिळतात. '२० व्होल्ट' लिहिलेल्या त्या बॅटरीचा प्रत्यक्ष नाममात्र व्होल्टेज १८ असतो. १८ गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॉट-तास, आणि आपली १२ व्होल्ट ८ एएच म्हणजे ९६. तुलना नेहमी वॉट-तासांत करा.

टाकी आणि पाठ

भरलेल्या १६ लिटरच्या पंपाचं वजन बाविसेक किलो होतं. सोळा किलो पाणी, सहा किलो पंप. २० लिटरची टाकी आणि १२ एएच बॅटरी घेतली तर ते २८ किलोंच्या घरात जातं. नळ पन्नास फुटांवर असताना एखादी खेप वाचवायला सहा किलो जादा वागवण्यात काही मतलब नाही. बायकांना किंवा साठीच्या पुढच्यांना वापरायचा असेल तर १२ लिटरचा घ्या, नाही मिळाला तर सोळाच्या टाकीत दहा लिटरच भरा. पंप जमिनीवरून उचलून पाठीवर घेताना कंबर जाते, चालताना नाही. ओट्यावर किंवा कठड्यावर ठेवून तिथूनच पट्ट्यांत हात घाला.

पट्टे दोन बोटांपेक्षा रुंद आणि आत फोम असलेले हवेत. पाठीला लागणारा भाग सपाट असावा. टाकीवरच्या लिटरच्या खुणा अंधुक असतात. उन्हात धरून त्या वाचता येतात का बघा. तोंड मोठं हवं, म्हणजे हात घालून आतून धुता येतं.

'टू-इन-वन', म्हणजे बॅटरी संपली तर हाताने मारायचा दांडा असलेले पंपही मिळतात. कागदावर छान वाटतात. पण दांडा, त्याचा सिलिंडर, वायसर हे सगळं वजन वाढवतं आणि गळायच्या जागा वाढवतं. वीज बेभरवशाची असलेल्या शेतावर त्याला अर्थ आहे. घरालगतच्या बागेला साधा बॅटरी पंप बरा.

दुकानात करायच्या तपासण्या

दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागा. लाजू नका, जो पाणी द्यायला तयार नाही त्याच्याकडून पंप घेऊ नये.

१. बॅटरी बाहेर काढून वजन करा. १२ व्होल्ट ८ एएचची शिशाची बॅटरी सव्वादोन ते अडीच किलो भरते. दीड-पावणेदोन किलो भरली तर वरचं लेबल काहीही सांगो, आत शिसं कमी आहे.

२. बॅटरीवर बनावटीचा महिना शोधा. सहा-आठ महिने न भरता पडलेली शिशाची बॅटरी नवी असूनही अर्धी गेलेली असते. मल्टिमीटर असेल तर व्होल्ट मोजा. १२.७ च्या वर भरलेली, १२.१ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

३. पाच लिटर पाणी घालून चालू करा, मुठीतला चाप दाबून पाणी येऊ द्या आणि चाप सोडा. मोटर एक-दोन सेकंदांत आपोआप थांबली पाहिजे आणि मिनिटभर शांत राहिली पाहिजे. अधूनमधून स्वतःच टुक्‌टुक्‌ करत असेल तर दाब कुठेतरी गळतोय.

४. पंप पाठीवर घेऊन पायाला हात लावल्यासारखे वाका. झाकणातून थेंब मानेवर आला तर तो उद्या औषधाचा असेल.

५. झाकणात हवा आत यायला छोटी झडप असते, ती मोकळी आहे का बघा. बंद असेल तर टाकीत पोकळी होऊन पाणी खेचणं थांबतं.

६. गाळण्या मोजा. एक टाकीच्या तोंडाशी, एक मोटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, एक चापाच्या मुठीत किंवा नोझलमागे. तिन्ही असल्या तर उत्तम, पहिल्या दोन तरी हव्यातच.

७. बॅटरीचा कप्पा टाकीच्या गळतीपासून खरंच वेगळा आहे का ते पाहा. चार्जिंगच्या पिनेला रबरी टोपण हवं.

सुटे भाग याच दुकानात मिळतात का हे शेवटी विचारा: मोटर, प्रेशर स्विच, चार्जर, चाप, नळी. शिशाची बॅटरी दोन-तीन हंगामांनी बदलावी लागतेच, आणि तिचा खर्च पंपाच्या किमतीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. ज्याचा चार्जर ऑनलाइनच मागवावा लागतो तो पंप ऐन पावसाळ्यात कोपऱ्यात पडून राहतो.

नावावर सातबारा असेल तर खरेदीआधी राज्य सरकारच्या अनुदान योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर नजर टाका. कृषी यांत्रिकीकरणाखाली बॅटरी पंपासाठीही अर्ज मागवले गेले आहेत. तिथून मिळालेल्या पंपालाही वरच्या तपासण्या चुकवू नका.

पहिल्या दिवशी: औषध नको, साधं पाणी

नव्या पंपाची बॅटरी आधी पूर्ण भरा. सोबतचा चार्जर बहुधा १.७ अँपिअरचा असतो. ८ एएचला पाच-सहा तास, १२ एएचला आठ-नऊ तास.

मग माप घ्यायचं. ही अर्ध्या तासाची मेहनत कोणी घेत नाही आणि फवारणीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. पद्धत अशी:

नोझल लावा, स्पीड ठरवा, एक मिनिट बादलीत सोडा आणि मापाच्या भांड्याने मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. नंतर एक गुंठा आखून टाकीत मोजून दहा लिटर पाणी घाला, नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारा आणि उरलेलं पाणी मोजा. जेवढं गेलं ते तुमचं गुंठ्याचं माप.

उदाहरण तणनाशकाचं घेऊ. नोझल मिनिटाला १.६ लिटर देतं, पट्टा एक मीटर रुंद पडतो आणि तुम्ही मिनिटाला ४० मीटर चालता. गुंठ्याला अडीच मिनिटं लागतील आणि ४ लिटर पाणी जाईल. म्हणजे १६ लिटरच्या टाकीत ४ गुंठे. लेबलवर एकरी १००० मिली लिहिलं असेल तर गुंठ्याला २५ मिली, आणि टाकीला १०० मिली.

आता नोझल बदलून ०.८ लिटरचं लावलं. तीच टाकी ८ गुंठ्यांना पुरते, म्हणून टाकीत २०० मिली पडायला हवं. 'पंपाला १०० मिली' ही सवय तशीच ठेवली तर निम्मंच औषध पडेल, तण मरणार नाही आणि दोष औषधाला जाईल. उलट जुन्या मोठ्या नोझलवर 'पंपाला २००' मारलं तर दुप्पट पडून शेजारची भाजी करपेल. पंपाला अमुक मिली हे प्रमाण नुसतं कधीच खरं नसतं, त्यामागे कोणता पंप आणि कोणतं नोझल हे असतं. हातपंपाच्या जमान्यातलं तोंडी प्रमाण बॅटरी पंपावर वापरू नका. लेबलवर मात्रा एकरी किंवा हेक्टरी असेल तर ती वरच्या पद्धतीने टाकीत आणा. 'लिटरला अमुक मिली' असेल तर सरळ तेवढीच घाला, पण पानावरून पाणी ओघळायच्या आत थांबा.

बॅटरी उतरत गेली की मोटर मंदावते आणि प्रवाह कमी होतो. पहिल्या आणि शेवटच्या टाकीत तुमची चाल तीच असली तरी माप तेच राहत नाही. मिनिटाचं माप शेवटच्या टाकीलाही एकदा घ्या. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तेवढं काम दुसऱ्या दिवसावर टाका. दाब स्थिर ठेवणारी झडप मिळाली तर नोझलमागे बसवावी, तणनाशकाला ती फार उपयोगी पडते.

औषध भरताना

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढं वाढलेलं पीक, कोंडलेली हवा, औषधांची मिश्रणं आणि अंगावर काहीही संरक्षण नाही, असं ते सगळं एकत्र आलं होतं. परसबागेत पीक तेवढं दाट नसतं, पण तोंडाच्या उंचीवर बारीक धुकं सोडणारा पंप तोच असतो.

पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, चष्मा, औषधाला योग्य मास्क, गमबूट एवढं हवंच. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की औषध धरून ठेवतो. तो नसलेला बरा. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घराशेजारच्या बागेत लाल आणि पिवळ्याचं काहीच काम नाही.

टाकीत आधी निम्मं पाणी. भुकटी असेल तर वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, गाळून ओता. मग द्रव औषध, शेवटी चिकटद्रव्य, आणि वरून उरलेलं पाणी. ढवळायला काठी, हात नाही. या पंपांत आतून ढवळण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे भुकटी तळाशी बसते. दर काही मिनिटांनी पाठ थोडी हलवा. पाणी गढूळ असेल तर फडक्यातून गाळून घ्या.

निंबोळी अर्काचं पाच टक्के प्रमाण म्हणजे १५ लिटरला ७५० ग्रॅम निंबोळ्या. अर्क, शेण-गोमूत्राचं जीवामृत, झाडपाल्याचा दशपर्णी अर्क हे सगळं दुहेरी सुती फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत जाऊ देऊ नका. शेणाचा एक तंतू मोटरच्या झडपेत अडकला की दाब बनत नाही. जीवामृताला सर्वांत मोठ्या भोकाचं नोझल लावा, आणि झाऱ्याने भागत असेल तर झाराच वापरा.

फवारणी सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी करा. वारा पाठीशी हवा, पाचोळा उडवणारा असेल तर थांबा. फुलांवर मधमाश्या असतील तर संध्याकाळच बरी.

तणनाशकाचा पंप वेगळा

इथे काटकसर करू नये. २,४-डीसारखं तणनाशक नळीच्या रबरात आणि टाकीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरतं. त्या पंपाने पुढच्या आठवड्यात टोमॅटोवर कीटकनाशक मारलं की शेंडे पिळवटतात, पानं चिंचोळी होतात, आणि माणूस त्याला व्हायरस समजतो. टोमॅटो, भेंडी, कापूस, द्राक्ष ही यात फार नाजूक. तीनदा धुतल्यावरही खात्री देता येत नाही. तणनाशकाला कमी दाबच लागतो, म्हणून एक स्वस्त हातपंप त्यासाठी ठेवा आणि टाकीवर लाल रंगाने मोठ्ठं 'तण' लिहा. बॅटरीचा पंप बाकी सगळ्याला.

काम झाल्यावर

उरलेलं औषध पाण्याने पातळ करून फवारलेल्या जागेवरच संपवा. विहिरीजवळ, नाल्यात, मोरीत ओतू नका. मग दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी घालून टाकी हलवा, नोझलमधून मिनिटभर सोडा, असं तीनदा. नळी आणि मोटर यांत औषध राहिलं तर डायफ्रॅमचं रबर कडक होतं. नोझल जुन्या टूथब्रशने घासा. तार किंवा टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि तुमचं माप बिघडतं. तोंडाने फुंकायचं तर नावच काढू नका.

शिशाची बॅटरी एकच टाकी मारली असली तरी त्याच दिवशी पूर्ण भरा. उतरलेली ठेवली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. 'चांगली होती, दिवाळीनंतर बघतो तर चार्जच होत नाही' असं होतं ते यामुळे. हंगाम नसताना महिन्यातून एकदा भरा. लिथियम उलट अर्धी भरलेली ठेवावी, सावलीत. फुगलेली बॅटरी, कोणतीही असो, चार्जरला लावू नका.

बिघाड ओळखताना

मोटर चालते पण पाणी येत नाही: आधी झाकण सैल करून बघा. पाणी आलं तर झाकणाची हवेची झडप बंद आहे. नाही आलं तर आतली गाळणी तुंबली आहे किंवा मोटरच्या आधीच्या नळीने हवा घेतली आहे. क्लिप आवळा, नोझल काढा आणि नळी खाली धरून हवा जाऊ द्या. तरीही नाही तर मोटरचं डोकं उघडून झडपेतला कचरा काढा. चार स्क्रूंचं काम आहे. झडपा उलट बसवल्या जाऊ नयेत म्हणून उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चाप सोडल्यावर मोटर थांबत नाही: कुठे गळती आहे का पाहा. नसेल तर बॅटरी इतकी उतरलीय की मोटर बंद होण्याइतका दाबच बनत नाही, किंवा प्रेशर स्विच चिकटला आहे. पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, तरीही चालूच राहिली तर स्विच बदला.

फवारताना मोटर धडधडत चालू-बंद होते: नोझल मोटरच्या मानाने बारीक आहे किंवा मुठीतली गाळणी तुंबली आहे. गाळणी धुवा, स्पीड कमी करा, नाहीतर एक माप मोठं नोझल लावा.

काहीच हलत नाही: फ्यूज, मग बॅटरीच्या टोकांवरचा हिरवट-पांढरा थर, मग स्विच, या क्रमाने. तो थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने निघतो. बॅटरी आधी सोडवून घ्या आणि टोकं कोरडी करूनच परत जोडा. चार्जरचा दिवा लगेच हिरवा होत असेल तर बॅटरी भरली असा अर्थ काढू नका. मोटर पाच मिनिटं चालवून व्होल्ट मोजा. साडेदहाच्या खाली उतरले तर ती बॅटरी गेली. ती भंगारात न फेकता दुकानात परत द्या, शिशाचे पैसे नव्या बॅटरीतून वजा होतात.

मुठीपाशी किंवा दांडीच्या जोडात गळत असेल तर सहसा एक ओ-रिंग खराब झालेली असते. पंप घेतानाच ओ-रिंगचं एक पाकीट, एक जादा डायफ्रॅम, दोन फ्यूज आणि एक चाप घेऊन पंपाच्या पट्ट्याला पिशवीत बांधून ठेवा. हे भाग नेमके रविवारी, दुकान बंद असताना लागतात.